एका कानाची दोन माणसं

दुसरा महिना, अकरावी

आज मठात कामाला सुरुवात झाली. मंगोल उत्तरेला पळाले त्याला अजून वर्ष झालेलं नाही, आणि त्यांच्या राजवटीचा इतिहास लिहायला आम्ही बसलो. गेलेल्या घराण्याचा इतिहास आलेल्या घराण्याने लिहायचा ही आपल्याकडची रीत. इतक्या घाईने मात्र तो कधी लिहिला गेला नसेल.

प्रमुख निंगसाहेब. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि बादशहांची आज्ञा वाचून दाखवली. स्तुती नको, निंदा नको. चरित्राच्या शेवटी अभिप्राय लिहायचा नाही. घडलं ते साध्या भाषेत लिहा, वाचणारा काय ते ठरवील.

माझ्या वाट्याला पश्चिमेच्या मोहिमांत लढलेल्या सेनापतींची चरित्रं आली, फान जिंगच्या वाट्याला त्याच मोहिमांतले प्रदेश. आम्ही एका गुरूकडे शिकलो. तो माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला तेव्हापासून दादा म्हणतो.

"तुला माणसं, मला गावं," तो म्हणाला. "दोघांनाही काही माहीत नाही. वाटणी बरोबर झाली."

घरी येऊन आईला सांगितलं. ती चूल फुंकत होती.

"पश्चिम म्हणजे कुठली?"

"सगळ्यात लांबची. मोठ्या नद्यांच्या पलीकडची."

तिने फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमची."

मी खिडकी लावून घेतली.

दुसरा महिना, सव्वीस

मठात मांस शिजत नाही. फानदादा बाहीत खारवलेल्या बदकाची तंगडी लपवून आणतो. आज एक भिक्षू वास घेत आमच्या खोलीत आला तेव्हा दादा म्हणाला, "जुन्या कागदांना असाच वास येतो, महाराज." भिक्षू बराच वेळ कागदांकडे बघत उभा राहिला.

कागद खरोखर विचित्र आहेत. एका उन्हाळ्यात पश्चिमेकडची सगळी राज्यं बुडाली, त्याची मूळ नोंद एका ओळीची. "त्या उन्हाळ्यात पश्चिमेचे देश शांत झाले." त्याच मोहिमेतल्या एका सेनापतीने आई वारल्यावर शोक पाळण्यासाठी रजा मागितली, त्याला मात्र अर्धं पान दिलं आहे. मला यात काही गैर वाटलं नाही. देश बुडतच असतात.

खरी पंचाईत नावांची. तिकडची नावं आपल्या अक्षरांत मावत नाहीत. प्रत्येक कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलं. आज दादाने आपला मजकूर मोठ्याने वाचला, "केलार शरण आला, त्याला एक घोडा बक्षीस मिळाला, पुढे तो आजाराने वारला."

"दादा, केलार गाव आहे."

"मग गावाला घोडा मिळाला. मोठं गाव असेल."

आम्ही इतके हसलो की शेजारच्या खोलीतून खाकरण्याचा आवाज आला.

मी आज आ-सू-काय नावाच्या सेनापतीचं चरित्र पुरं केलं. गोठलेल्या नदीवरून स्वार नेले, पलीकडचं शहर घेतलं, लढाईत डावा कान गमावला, सोन्याचा पट्टा मिळाला. चांगला माणूस. त्याच्या नावासाठी मी चांगली अक्षरं निवडली. शेवटच्या अक्षराचा अर्थ समुद्र.

तिसरा महिना, तिसरी

पितरांचा दिवस. वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढलं, भात आणि दारू ठेवली. घरी आल्यावर आईने दार लावलं आणि तिच्या घराण्याच्या मूळपुरुषासाठी उंबऱ्यावर वाटीभर दूध ओतलं. दरवर्षी ओतते. नाव घेते. अर्सकाय.

त्यातला तो र आपल्या माणसांना जमत नाही. जीभ टाळूपाशी थरथरावी लागते. "शाळेत जायच्या आधी तुला येत होता," आई म्हणते. तिच्याकडचे लोक मंगोलांबरोबर पश्चिमेकडून आले. माझे वडील इथले, वेई घराण्यातले. त्यांच्याशी लग्न झाल्यावर तिने इथलं नाव घेतलं, इथले कपडे घेतले. दूध तेवढं सुटलं नाही.

भिंतीपलीकडून टोफूवाल्या पाओकाकू ओरडल्या, "अगं वेईच्या आई, काहीतरी नासलंय बघ तुमच्याकडे!"

"तुमचाच टोफू असेल, वहिनी!" आई ओरडली.

अर्सकाय. आ-सू-काय. दोन आठवडे ते नाव मी रोज लिहीत होतो आणि ते कानावर पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

मी विचारलं, "त्याचा कान कापलेला होता का?"

"डावा," आई म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

"नदीवरच्या लढाईत."

"कसली लढाई? मालकाने कापला. शहराच्या वेशीवर पहारेकरी होता तो. मालकाच्या घोड्याला वेळेवर पाणी दिलं नाही म्हणून कापला. मग मंगोल आले तेव्हा त्याने वेशीचं दार आतून उघडलं."

"दार उघडलं?"

"मग काय करणार? त्याची बायको, भाऊ, सगळा गोतावळा आत होता. दार उघडणाऱ्याच्या माणसांना हात लावणार नाही, असा शब्द घेतला होता त्याने. तो त्यांनी पाळला. बाकीच्यांचं काय झालं ते विचारू नकोस." तिने वाटी पालथी घातली. "तू माझ्या पोटी आलास तो त्या दारातून."

तिसरा महिना, नववी

तो सापडला. शरण आलेल्यांच्या कागदांत. ये-सी-खाय, वेशीचा पहारेकरी, डावा कान नसलेला. मालकाविरुद्ध दार उघडलं. मालक मारला गेला.

नाव दोन कारकुनांनी दोन तऱ्हांनी लिहिलं आणि एका माणसाची दोन माणसं झाली. एकाचं चरित्र शूरांत, दुसऱ्याचं पुस्तकाच्या शेवटी, द्रोह्यांत. दोघं एक म्हणून मी लिहिलं तर शूरांतला उचलून द्रोह्यांत ठेवावा लागेल. मालकाशी बेइमानी केल्यावर पुढचं सगळं शौर्य कशाचं?

इतिहास लिहिणाऱ्याने काय करावं हे मला माहीत आहे. आई काल विचारत होती, "येणार ना रे तो पुस्तकात?" मी हो म्हणालो.

तिसरा महिना, बारावी

झोप नीट लागत नाही. शेवटी फानदादाला सगळं सांगितलं. मठामागच्या भाजीच्या मळ्यात, कोणी नसताना. दोन नावं सांगितली, कान सांगितला.

"हे तुला कागदांतून कळलं?"

मग आईचंही सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, वडिलांनी सांगू दिलं नव्हतं. सांगितल्यावर इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेडा आहेस. यात रडण्यासारखं काय? दोन आहेत, दोन ठेव. पुस्तकात जागा काय कमी आहे?"

"पण खोटं होईल."

"खोटं तू लिहिलेलं नाहीस. मेलेल्या कारकुनांनी लिहिलंय. तू फक्त दुरुस्त करत नाहीयेस." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "काकूंना त्या नद्यांची नावं येतात का रे?"

चौथा महिना, दुसरी

फानदादा आता चार-दोन दिवसांनी घरी येतो. येताना आईसाठी काही ना काही आणतो, कधी शेवया, कधी बांबूचे कोवळे कोंब. तो ओट्यावर बसतो आणि ती सांगत राहते. कुठली नदी कुठे मिळते, कुठल्या शहरात काय विकतात, कुठल्या टोळीचं कुणाशी वैर. मी इतकी वर्षं तिच्याजवळ राहिलो आणि यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही हेही खरं.

आज त्याने जुन्या नोंदींतलं एक वाक्य तिला वाचून दाखवलं. त्या देशात उन्हाळ्याची रात्र इतकी लहान असते की मावळतीला चुलीवर ठेवलेलं मटण शिजेपर्यंत उजाडतं.

आई म्हणाली, "मटण म्हातारं असेल."

दादा लोळायचा बाकी राहिला.

पुष्कळ वर्षांनी तिला कुणीतरी ऐकणारं मिळालं आहे. संध्याकाळी ती केस नीट बांधून बसते.

चौथा महिना, एकोणीस

निंगसाहेबांनी सगळ्यांसमोर फानदादाच्या प्रदेशवर्णनाची वाखाणणी केली. असं नेमकं वर्णन आजवर कुणाला जमलं नाही म्हणाले. मला अभिमान वाटला. माहिती कुठून मिळाली असं त्यांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "ऐकून." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. किती जपतो.

नोंदणी खात्याचे एक अधिकारी त्या वेळी तिथे बसले होते. त्यांनी नंतर दादाला चहाला थांबवून घेतलं.

पहारेकऱ्याचं चरित्र मी अजून लिहिलेलं नाही. दादा म्हणाला, "दे माझ्याकडे, मी लिहितो, तुझा हात थरथरेल." संध्याकाळी त्याने मजकूर दाखवला. चांगला उतरला होता. फक्त नावाच्या पहिल्या अक्षराला त्याने डावीकडे कुत्र्याची खूण जोडली होती. रानटी लोकांच्या नावांना लावतात ती. उच्चार तोच राहतो, माणूस बदलतो.

"ही कशाला?"

"निंदा करायची नाही, अशी आज्ञा आहे," दादा म्हणाला. "अक्षर कुठलं वापरायचं याची नाही."

मी खूण तशीच राहू दिली. शूरांतल्याला मी समुद्र दिलाच होता.

पाचवा महिना, पाचवी

होड्यांच्या शर्यतीचा सण. फानदादा पानांत बांधून उकडलेला चिकट भात घेऊन आला. जेवण झाल्यावर म्हणाला, "काकू, मला ते नाव म्हणायला शिकवा. इतके महिने लिहितोय, एकदा नीट म्हणू तरी द्या."

आईने त्याला जीभ कशी लावायची ते दाखवलं. तो प्रयत्न करू लागला. आधी अल्सकाय, मग अस्सकाय. आई त्याच्या हनुवटीखाली बोट धरून बसली होती. मग एकदम र जमला आणि त्या आनंदात त्याने तो दोन्हीकडे लावला. अर्सकार.

"शेवटी नाही रे! शेवटी 'काय' आहे, 'काय'!"

"अर्सकार."

"हात मेल्या!" आई हसून हसून डोळे पुसायला लागली. त्याला तो शेवटचा र काही सोडेना. जाताना अंगणातून पुन्हा ओरडला, "अर्सकार, काकू!" भिंतीपलीकडून पाओकाकू म्हणाल्या, "कुणाला बोलावताय?"

मला ते आवडलं नाही. अंगणात ओरडायला नको होतं. पण आई इतकी हसली होती की बोलवेना.

पाचवा महिना, तेवीस

दादा म्हणाला, "तुमच्यासारखी आणखी घरं आहेत का हो काकू राजधानीत? एकट्या तुम्हालाच किती त्रास द्यायचा." आईने दोन-तीन नावं सांगितली. दक्षिण वेशीजवळचा एक चांभार, एक सुईण.

सहावा महिना, चौथी

वेशीवर फर्मान लागलं. मंगोलांबरोबर पश्चिमेकडून आलेल्यांच्या ज्या वंशजांनी नावं बदलून राजधानीत वस्ती केली आहे, त्यांना उत्तर सीमेवरच्या छावण्यांत वसवण्यात येईल. जे स्वतःहून पुढे येतील त्यांना वाटखर्च मिळेल.

आईला सांगितलं नाही. आमची नोंद वेई अशी आहे, वडिलांच्या आधीपासून. कोणी कसं ओळखणार? फानदादा चार दिवस मठात आलेला नाही. नोंदणी खात्याने त्याला कसल्याशा सल्ल्यासाठी बोलावून घेतलं आहे. तिथे त्याचं वजन वाढलं तर बरंच होईल.

सहावा महिना, अकरावी

सकाळी अधिकारी आला, बरोबर दोन शिपाई. गल्लीतले सगळे दारांत उभे.

"वेईची विधवा कोण?"

आई हात पुसत बाहेर आली.

त्याने हातातला कागद पाहिला नाही. तिच्याकडे बघून, पाठ केल्यासारखं म्हणाला, "तुम्ही अर्सकारच्या वंशातल्या?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. अशा वेळी तिला हसू कसं आलं कोण जाणे. घाबरली असेल. म्हणाली, "हो. जवळपास."

मी पुढे झालो. काय बोललो ते आठवत नाही. अधिकारी सभ्य होता. म्हणाला, "तुमचा प्रश्न नाही. मुलगा बापाच्या घराण्याचा. तुम्ही वेई, तुम्ही इथेच राहाल. त्यात तुम्ही सरकारी कामावर." आईला आवरायला दोन दिवस दिले.

मी त्यांना चहा दिला.

हे पाओकाकूचं काम. दुधाचा वास तिलाच येत होता, अंगणातलं नाव तिनेच ऐकलं होतं. दुपारी तिच्या दुकानासमोर उभा राहून मी जे तोंडाला येईल ते बोललो. ती हातातली सुरी तशीच धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "झालं तुझं बोलून? आता घरी जा. आई एकटी आहे."

सहावा महिना, बारावी

धावत फानदादाकडे गेलो. नोंदणी खात्यात त्याला स्वतंत्र खोली मिळाली आहे. माझं ऐकताना तो मान वर करत नव्हता. त्यालाही धक्का बसला असावा.

"मी बोलून बघतो," म्हणाला.

"आजच बोल दादा. उद्या होडी आहे."

"बोलतो म्हटलं ना."

त्याच्यासारखा माणूस आपल्या बाजूला आहे एवढाच आधार.

सहावा महिना, तेरावी

आई गेली.

दादाचा काही निरोप आला नाही. त्याचं कुणी ऐकलं नसेल. घाटावर पाओकाकू जाड रजईचा अंगरखा घेऊन आली. मी तिला अडवलं. आईने मला बाजूला सारून तो घेतला आणि लगेच अंगावर चढवला, इतक्या उकाड्यात.

मी म्हणालो, "पुस्तक झालं की लगेच येतो. वसंतात घेऊन येईन तुला परत. निंगसाहेबांशी बोलतो."

"पुस्तक नीट लिही," ती म्हणाली. "तो येईल ना त्यात?"

"येईल."

फळीवर पाय ठेवताना ती थांबली. "आणि फानला सांग, शेवटी र नाही म्हणावं. इतकं शिकवलं तरी."

अशा वेळीही तिला तो आठवला. मला थोडं लागलं.

सहावा महिना, पंधरावी

मठात फानदादा आपले कागद न्यायला आला होता. नवी शाई घोटत बसला होता. बरं वाटेल म्हणून मी निरोप दिला. तिचा आवाज काढून दिला, हनुवटीखाली बोट धरून. "शेवटी र नाही रे! इतकं शिकवलं तरी!"

त्याचा हात थांबला.

"कधी म्हणाल्या?"

"होडीत चढताना."

"मला बोलवायला का नाही पाठवलंस?" असं काहीसं तो बोलत होता. मी ऐकत नव्हतो. मला अंगणातला अधिकारी ऐकू येत होता. तुम्ही अर्सकारच्या वंशातल्या?

कागदावरून वाचलं असतं तर तो आ-सू-काय म्हणाला असता. पाओकाकूला तो र म्हणताच येत नाही, तिने सांगितलं असतं तर काहीच्या बाही म्हणाला असता. ते नाव असं म्हणणारा या शहरात एकच माणूस आहे. माझ्यासमोर शाई घोटत बसलेला.

आई का हसली ते कळलं. तिने शब्दानेही सांगितलं नाही, फक्त चूक तेवढी परत पाठवली.

मी म्हणालो, "दादा."

"माझंही ऐक," तो म्हणाला. "खात्याचे लोक विचारत होते, हे सगळं तुला कुठून कळलं. मीही मंगोलांच्या दरबारात नोकरी केलेली. माझा भाऊ अजून तुरुंगात आहे. काहीतरी द्यावं लागणार होतं."

"तू तिच्या हातचं जेवलास."

"तुझं नाव मी घेतलं नाही. एकदाही नाही. मुलगा वेई आहे, पक्का इथला आहे असं मी लिहून दिलं."

"घेतलं असतंस तर बरं झालं असतं. तिच्याबरोबर गेलो असतो."

त्याने शाईची वडी खाली ठेवली आणि आज पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "फर्मान अजून वेशीवर लागलेलंच आहे, छांग. मी बंद नाही केलेलं. जायचं असतं तर तू गेला असतास. मी तिला पाठवलं, मान्य. घाटावरून परत कोण आलं?"

सातवा महिना, पंधरावी

मधल्या दिवसांत काही लिहिलं नाही. आज मृतात्म्यांचा सण, नदीत दिवे सोडतात. मी गेलो नाही. दूध मिळालं नाही, कुठे मिळतं तेही मला माहीत नाही, ती कुठून आणायची कधी विचारलं नव्हतं. उंबऱ्यावर तांदळाचं पाणी ओतलं. नाव घ्यायला गेलो तर तोंडून निघालं ते फानचं. शेवटचा र सुटेना.

पाओकाकूने दारात टोफू ठेवून जायला सुरुवात केली आहे. मी माफी मागायला गेलो तेव्हा म्हणाली, "खा आधी. वासाचं म्हणशील तर तुझ्या लहानपणापासून येतोय मला."

आठवा महिना, सातवी

इतिहास पुरा झाला. परवा दरबारात सादर करायचा. शेवटच्या तपासणीत निंगसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. फान माझ्यासमोर बसला. दोन महिन्यांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

"आ-सू-काय आणि ये-सी-खाय," साहेब म्हणाले. "प्रदेश एक, काळ एक. दोघांनाही डावा कान नाही. हा एकच माणूस तर नाही?"

फानने मान खाली घातली. मी खरं बोलावं अशी त्याला भीती होती की तशी इच्छा होती, ते मला सांगता येणार नाही.

मी विचार केला. एक म्हणालो तर समुद्राचं अक्षर जाईल आणि कुत्र्याची खूण राहील. कान कुणी कापला, शब्द कुणासाठी घेतला, यातलं काही येणार नाही, कारण तो अभिप्राय होईल. दार उघडलं एवढंच येईल. आणि मी तर दार लावून आत बसलेला माणूस, त्याला द्रोह्यांत ढकलणारा मी कोण?

"दोन माणसं, साहेब."

"नक्की? मग कानाचं काय?"

"त्या देशात कान कापायची चाल होती."

"असं?" त्यांना ते आवडलं. "फान, तुमच्या प्रदेशवर्णनात हे नाही. घाला."

फानने लेखणी उचलली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग लिहिलं. "या देशातील लोक पुरुषांचा डावा कान कापतात." एका माणसाचा कान कापला गेला होता. आता सगळ्या देशाचा कापला.

बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला. "आभार," म्हणाला. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

आठवा महिना, चौदावी

घर पाओकाकूवर सोपवलं. निंगसाहेबांकडे आजाराचा निरोप पाठवला. बक्षीससमारंभाला माझी जागा रिकामी राहील. तिथे फान असेल.

नदीकाठच्या वेशीजवळ नोंदणीची पडवी आहे. माझ्यापुढे एक सुईण होती, दक्षिण वेशीजवळची. तिने मला ओळखलं नाही. माझी पाळी आली.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"वेई छांग. पण ते वडिलांचं. मी आईच्या घराण्याने जातोय."

"ते काय?"

मी जीभ टाळूला लावली. "अर्सकाय."

"काय?"

"अर्सकाय."

"असलं कसं लिहायचं? पुन्हा सांगा, सावकाश."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिन्ही वेळा नीट आलं. त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, आर-शू-हाय. पहिल्या अक्षराला डावीकडे कुत्र्याची खूण. वाईट मनाने लिहिली नसावी, इथे सगळ्यांनाच ती लावत होते.

"बरोबर?"

आयुष्यभर लोकांची नावं दुरुस्त करत आलो. म्हणालो, "बरोबर."

"स्वतःहून आलात की धरून आणलं?"

"स्वतःहून."

"वाटखर्च त्या खिडकीत मिळेल. ओळखीची खूण?"

"काही नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "दोन्ही कान आहेत."

त्याने मान वर करून पाहिलं, आणि तेही लिहून घेतलं.